मेसोनिकिडी कुलाचा वर्गीकरण-इतिहास : साम्य, वंश आणि पुरावा

सारांश

मेसोनिकिडी हे आदिम सस्तन प्राण्यांचे एक नामशेष कुल आहे. पायांना खूर आणि तोंडात मांसाहाराच्या खुणा अशी दुर्मीळ जोडी असलेल्या या प्राण्यांना गेल्या दीडशे वर्षांत किमान तीन वेगवेगळ्या ठिकाणी बसविण्यात आले. प्रारंभी ते मांसभक्षकांचे नातलग मानले गेले, नंतर खुरी प्राण्यांमध्ये गणले गेले. १९६६ नंतर सुमारे पस्तीस वर्षे देवमाशांचे पूर्वज म्हणून ते प्रसिद्ध होते. २००१ व २००७ साली भारतीय उपखंडातील जीवाश्मांनी हा तिसरा समज मोडीत काढला. प्रस्तुत निबंधात या मतांतरांचा कालानुक्रमे मागोवा घेतला असून, पुराव्याचे मूल्यमापन, साम्यावरून वंश ठरविण्याचे धोके आणि जतन केलेल्या संग्रहांचे महत्त्व या तीन मुद्द्यांचा ऊहापोह केला आहे.

बीजसंज्ञा : मेसोनिकिडी, क्रिओडोंटा, देवमाशाची उत्क्रांती, अभिसारी उत्क्रांती, विज्ञानाचा इतिहास.

१. प्रस्तावना

इतिहास हा केवळ राजे, लढाया आणि तह यांचा नसतो. ज्ञानालाही स्वतःचा इतिहास असतो. एखादे विधान कोणी, कोणत्या पुराव्यावर, कोणत्या परिस्थितीत केले, ते किती काळ टिकले आणि कशामुळे कोसळले, याचा शोध घेणे हे इतिहासाच्या अभ्यासकाचेच काम आहे. विज्ञानाच्या क्षेत्रात हे काम बहुधा वैज्ञानिकांवर सोडले जाते आणि त्यांना पुढच्या प्रयोगाची घाई असते. परिणामी जुनी मते 'चूक' या एका शब्दात निकालात निघतात आणि ती चूक इतक्या विद्वानांना इतकी वर्षे खरी का वाटली, हा मोलाचा प्रश्न अनुत्तरित राहतो.

काही वर्षांपूर्वी एका उजळणी वर्गाच्या निमित्ताने प्रस्तुत लेखकास एका महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत जाण्याचा योग आला. तेथील भिंतीवर देवमाशाच्या उत्क्रांतीचा एक जुना तक्ता होता. तक्त्याच्या तळाशी लांडग्यासारखा एक प्राणी पाण्याच्या काठी उभा होता आणि त्याच्यापासून निघालेली रेषा पायरीपायरीने देवमाशापर्यंत पोहोचत होती. तक्त्याखाली 'मेसोनिकिड' असे नाव होते. तेथील सहकाऱ्यांनी सहज सांगितले, "हा तक्ता आता चुकीचा आहे, पण काढायचे राहून गेले." या एका वाक्यातून प्रस्तुत अभ्यासाची प्रेरणा मिळाली. तक्ता चुकीचा कधी झाला? कोणी ठरविले? आणि पूर्वजपदावरून दूर झाल्यावर त्या प्राण्याचे काय झाले?

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) मेसोनिकिडी कुलाच्या नामकरणाचा व वर्गीकरणाचा कालानुक्रम मांडणे, (२) प्रत्येक टप्प्यावर निर्णायक ठरलेला पुरावा कोणता होता हे स्पष्ट करणे, (३) भारतीय उपखंडातील संशोधनाचे या इतिहासातील स्थान दाखविणे, (४) साम्य आणि वंश यांतील भेदाबाबत इतिहासाच्या अभ्यासकाने काय बोध घ्यावा याचा विचार करणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. प्रस्तुत लेखक पुराजीवविज्ञानाचा अभ्यासक नाही. म्हणून शरीररचनेचे विवेचन युक्तिवाद समजण्यापुरतेच मर्यादित ठेवले आहे. वर्गीकरणातील 'गण', 'कुल', 'प्रजाती' आणि 'जाती' या संज्ञा मराठीत रूढ असलेल्या उतरत्या क्रमानेच वापरल्या आहेत.

३. नामकरण : १८७२ ची उन्हाळी घाई

अमेरिकेतील वायोमिंग प्रांतात ब्रिजर नावाने ओळखले जाणारे गाळाचे खडक आहेत. ते आदिनूतन म्हणजे इओसीन कालखंडातील असून सस्तन प्राण्यांच्या जीवाश्मांनी समृद्ध आहेत. १८७२ च्या उन्हाळ्यात या एकाच प्रदेशावर तीन विद्वानांची नजर होती : फिलाडेल्फियाचे जोसेफ लायडी, येल येथील ओथनिएल चार्ल्स मार्श आणि एडवर्ड ड्रिंकर कोप. यांपैकी मार्श व कोप यांचे वैर पुढे इतके विकोपास गेले की त्या काळास 'हाडांचे युद्ध' असे नाव पडले, आणि लायडी यांच्यासारखा शांत स्वभावाचा अभ्यासक त्या क्षेत्रातून हळूहळू बाजूला झाला.

ज्याचे नामकरण आधी प्रसिद्ध होईल त्याचेच नाव ग्राह्य, असा वर्गीकरणशास्त्राचा नियम आहे. त्यामुळे या स्पर्धेत दिवसांचा, प्रसंगी तासांचा हिशेब होऊ लागला. त्याच उन्हाळ्यात कोप यांनी एका प्राण्याचे नाव तारेने फिलाडेल्फियास कळविले. तारेत अक्षरे बिघडली आणि ते नाव चुकीच्या रूपात छापले गेले. अशा धामधुमीत कोप यांनी १८७२ साली मेसोनिक्स या प्रजातीचे नामकरण केले. ग्रीक भाषेत 'मेसोस' म्हणजे मधला आणि 'ओनिक्स' म्हणजे नखी. याच प्रजातीच्या नावावरून पुढे मेसोनिकिडी हे कुलनाम रूढ झाले. पुढील दशकभरात कोप यांनीच पॅकिईना व डिसॅकस या संबंधित प्रजातींचेही नामकरण केले.

१८७५ साली कोप यांनी क्रिओडोंटा नावाचा एक मोठा वर्ग सुचविला. आजच्या वाघ, लांडगा, अस्वल यांच्याहून आदिम, परंतु मांसाहाराकडे कल असलेले बहुतेक प्राचीन सस्तन प्राणी या वर्गात येत गेले. हायनोडोंटिडी, ऑक्सिईनिडी, मायासिडी यांच्या जोडीला मेसोनिकिडीही तेथे आले. आज मागे वळून पाहता क्रिओडोंटा ही अडगळीची खोलीच होती असे म्हणावे लागते. ज्याची जागा ठरत नाही ते तेथे ठेवावे, असा प्रकार होता. तथापि त्या काळी उपलब्ध असलेला पुरावा म्हणजे जबड्याचे तुकडे, सुटे दात आणि मोजके सांगाडे एवढाच होता, हे लक्षात घेतले पाहिजे.

४. कुलाची शरीरवैशिष्ट्ये : खूर आणि सुळे

मेसोनिकिड प्राण्यांचा उदय पुरानूतन म्हणजे पॅलिओसीन कालखंडात झाला. हा कालखंड सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉरांच्या अस्तानंतर सुरू झाला. आदिनूतन कालखंडात हे कुल उत्तर अमेरिका, युरोप व आशिया येथे पसरले आणि त्या कालखंडाच्या अखेरीस ओसरत गेले. आकारमानात मोठी विविधता होती. डिसॅकस साधारण कोल्ह्याएवढा होता, मेसोनिक्सची ठेवण लांडग्यासारखी होती, तर पॅकिईनाच्या काही जाती अस्वलाएवढ्या होत्या.

आजच्या मांसभक्षक गणातील प्राण्यांची ओळख एका विशिष्ट दंतरचनेने पटते. वरच्या जबड्यातील चौथी उपदाढ आणि खालच्या जबड्यातील पहिली दाढ कातरीच्या दोन पात्यांप्रमाणे एकमेकींवर चालतात व मांस कापतात. हायनोडोंटिडी व ऑक्सिईनिडी या कुलांतही कातरीसारख्या दाढा होत्या, मात्र त्या जबड्यात अधिक मागे होत्या. मेसोनिकिड प्राण्यांत अशी कातर अजिबात नव्हती. त्यांच्या वरच्या दाढा त्रिकोणी व बोथट उंचवट्यांच्या होत्या. खालच्या दाढा दोन्ही बाजूंनी चपट्या होऊन एका ओळीत आलेल्या होत्या. डोके मोठे, जबडा बळकट आणि सुळे ठसठशीत होते. दाढांवरील झीज पाहता काही प्रजाती मांसाबरोबर हाडेही फोडत असाव्यात, असा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला आहे.

पाय मात्र वेगळीच कथा सांगतात. मेसोनिक्स बोटांवर चालत असे आणि त्याच्या बोटांच्या टोकाशी अणकुचीदार नख्यांऐवजी लहान खुरांसारखी रचना होती. पॅकिईनाच्या सांगाड्याचा सविस्तर अभ्यास मॉरीन ओलिअरी व केनेथ रोझ यांनी १९९५ साली प्रसिद्ध केला. त्यातूनही जमिनीवर धावण्यास अनुकूल झालेल्या शरीराचेच चित्र पुढे आले. दात मांसाहाऱ्याकडे बोट दाखवितात आणि पाय खुरी प्राण्याकडे. मेसोनिकिडी कुलाच्या वर्गीकरणाचा सारा इतिहास म्हणजे या दोन साक्षीदारांपैकी कोणावर विश्वास ठेवावा, या प्रश्नाचा इतिहास होय.

५. मंगोलियातील कवटी : एका तर्काची दोन निकालपत्रे

कोप यांचा संग्रह १८९५ साली न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्यूझियम ऑफ नॅचरल हिस्टरीने विकत घेतला. त्यामुळे हे संग्रहालय या विषयाचे केंद्र बनले. तेथील विल्यम डिलर मॅथ्यू यांनी १९०९ साली ब्रिजर प्रदेशातील मांसाहारी व कीटकभक्षी प्राण्यांवर मोठा प्रबंध प्रसिद्ध केला आणि मेसोनिकिडी कुल इतर क्रिओडोंटांपेक्षा वेगळे आहे हे दाखविण्यासाठी ॲक्रिओडी हा स्वतंत्र गट सुचविला. अडगळीच्या खोलीतून हे कुल बाहेर काढण्याचा हा पहिला गंभीर प्रयत्न होता.

१९२३ साली याच संग्रहालयाच्या, रॉय चॅपमन अँड्र्यूज यांच्या नेतृत्वाखालील मध्य आशियाई मोहिमेत, अंतर्गत मंगोलियातील इर्दिन मान्हा येथे एक प्रचंड कवटी सापडली. ती शोधणारे कान चुएन पाओ हे मोहिमेतील चिनी साहाय्यक होते. कवटीची लांबी सुमारे ८३ सेंटीमीटर होती. प्रत्यक्ष क्षेत्रावर ती एंटेलोडॉन या डुकरासारख्या दिसणाऱ्या नामशेष प्राण्याची असावी, असा अंदाज बांधण्यात आला. तिचे रेखाचित्र न्यूयॉर्कला पोहोचले तेव्हा मॅथ्यू यांनी तो अंदाज फेटाळून ती मेसोनिक्सच्या नात्यातील असल्याचे सांगितले. १९२४ साली हेन्री फेअरफील्ड ऑस्बोर्न यांनी तिला मोहिमेच्या नेत्यावरून अँड्र्यूसार्कस असे नाव दिले. धड मिळालेच नव्हते. म्हणून मेसोनिक्सच्या शरीराचे प्रमाण गृहीत धरून प्राण्याची लांबी सुमारे ३.८ मीटर ठरविण्यात आली. जमिनीवरील सर्वांत मोठा मांसाहारी सस्तन प्राणी म्हणून अँड्र्यूसार्कसची ख्याती झाली ती या गणितावर.

मिशेल स्पॉल्डिंग, ओलिअरी व जॉन गेटसी यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात अँड्र्यूसार्कस मेसोनिकिडी कुलापासून दूर, समखुरी प्राण्यांमध्ये, एंटेलोडॉन, पाणघोडा व देवमासे यांच्या शाखेजवळ आला. म्हणजे वाळवंटात उभ्या असलेल्या माणसांचा पहिला अंदाज संग्रहालयातील तज्ज्ञाच्या निकालापेक्षा सत्याच्या जवळ होता. यावरून तज्ज्ञाची हेटाळणी करणे योग्य नव्हे. १९२४ साली मेसोनिकिडी हे मोठे, ठसठशीत कुल होते आणि नव्या सापडलेल्या वस्तूला परिचित चौकटीत बसविणे हा मनुष्यस्वभाव आहे. मात्र कोणाचे नाव प्राण्याला मिळाले आणि ज्याने तो शोधला त्याचे नाव किती जणांना ठाऊक आहे, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारलाच पाहिजे.

६. १९६६ : देवमाशाचा पूर्वज

देवमासा हा मासा नसून सस्तन प्राणी आहे हे मान्य झाल्यापासून त्याचे भूचर पूर्वज कोण, हा प्रश्न उभा होता. चार्ल्स डार्विन यांनी १८५९ साली आपल्या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत, तोंड उघडे ठेवून पोहत कीटक पकडणाऱ्या काळ्या अस्वलाचे उदाहरण देऊन देवमाशासारखा प्राणी कसा घडू शकेल याची कल्पना मांडली. टीका झाल्यावर पुढील आवृत्त्यांत तो भाग आखडता घेतला. १८८३ साली विल्यम फ्लॉवर यांनी शरीररचनेच्या आधारे देवमाशाचे नाते खुरी प्राण्यांशी जोडले. तथापि कोणत्याही ठोस जीवाश्माअभावी तो तर्कच राहिला.

या पार्श्वभूमीवर १९६६ साली ली व्हॅन व्हेलन यांनी महत्त्वाचे पाऊल उचलले. त्यांनी मेसोनिकिडी कुलाला क्रिओडोंटांतून काढून आदिम खुरी प्राण्यांच्या कोंडिलार्थ्रा या गटात नेले आणि देवमाशांचा उगम याच कुलातून झाला असे प्रतिपादन केले. त्यांचा मुख्य आधार दात हा होता. आर्किओसीट या प्राचीन देवमाशांच्या दाढा त्रिकोणी व चपट्या असतात आणि मेसोनिकिडांच्या दाढांशी त्यांचे साम्य नजरेत भरण्यासारखे आहे. फ्लॉवर यांचे खुरी नाते आणि देवमाशाचा मांसाहार, या दोहोंचा मेळ घालणारा दुवा म्हणजे खूर असलेला मांसाहारी. मेसोनिकिड या अपेक्षेत तंतोतंत बसत होता.

या मताची ताकद तेथेच होती आणि त्याचा धोकाही तेथेच होता. दोन साक्षीदारांचा विरोध मिटला, दात व पाय दोन्ही एकाच कथेत आले, म्हणून कथा पूर्ण झाल्याचे समाधान मिळाले. पुढील काळात पाठ्यपुस्तके, तक्ते व माहितीपट यांतून ती सर्वत्र पोहोचली. १९९५ साली चीनमधील आन्हुई प्रांतातून सिनोनिक्स या पुरानूतनकालीन मेसोनिकिडाची कवटी प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्याकडेही देवमाशाच्या उगमाच्या दृष्टीनेच पाहिले गेले.

विरोधी पुरावा अगदीच नव्हता असे नाही. १९५० साली ॲलन बॉयडन व डग्लस जेमेरॉय यांनी रक्तद्रवाच्या चाचण्यांवरून देवमासे हे समखुरी प्राण्यांना, म्हणजे गाय, डुक्कर, उंट यांच्या गणाला, सर्वांत जवळचे असल्याचे दाखविले होते. परंतु तो पुरावा रसायनशास्त्राच्या भाषेत होता आणि निवाडा करणारे हाडांची भाषा वाचणारे होते.

७. भारतीय उपखंडातील पुरावा

देवमाशांचा प्राथमिक इतिहास टेथिस समुद्राच्या काठी घडला. भारतीय भूखंड आशियाला भिडत असताना मध्ये आकसत गेलेला हा समुद्र होता आणि त्याच्या उथळ किनाऱ्यांचा गाळ आज कच्छ, हिमालयाचा पायथा, पोटवार व बलुचिस्तान येथे खडकांच्या रूपात सापडतो. अशोक सहानी व व्ही. पी. मिश्रा यांनी १९७२ व १९७५ साली कच्छमधून आदिनूतनकालीन देवमाशांचे वर्णन प्रसिद्ध केले. १९८१ साली फिलिप जिंजरिच व डोनाल्ड रसेल यांनी पाकिस्तानातील कोहाट परिसरातील जीवाश्मावरून पॅकिसीटस हे नाव दिले. १९९४ साली चालू व पोहू शकणारा अँब्युलोसीटस प्रसिद्ध झाला.

या शोधांच्या बरेच आधी, १९५८ साली, म्युनिकचे रिचर्ड डेम व त्यांच्या सहकारी थेरेसे त्सू ओटिंगन-श्पीलबर्ग यांनी पाकिस्तानातील गंडा कास येथील काही दातांचे वर्णन केले होते. त्यांपैकी एका प्राण्यास त्यांनी इक्थिओलेस्टिस, म्हणजे 'मासेचोर', असे नाव दिले आणि तो मेसोनिकिड असल्याचे नोंदविले. पुढे १९८० साली रॉबर्ट वेस्ट यांनी हे प्राणी प्रत्यक्षात आदिम देवमासे असल्याचे ओळखले. या घटनेचा त्या वेळी काढला गेलेला अर्थ सरळ होता : मेसोनिकिड आणि देवमासे यांचे दात इतके सारखे की तज्ज्ञही फसतो, तेव्हा नाते जवळचेच असणार. याच घटनेतून दुसराही अर्थ निघत होता. दातांवरून तज्ज्ञ फसू शकतो, तर केवळ दातांवर वंश ठरविणे असुरक्षित आहे. दुसऱ्या अर्थाकडे लक्ष जाण्यास आणखी वीस वर्षे लागली.

८. रेणूंची साक्ष व घोट्याचा निर्णय

१९९० च्या दशकात डीएनए व प्रथिने यांच्या क्रमांची तुलना शक्य झाली. १९९४ साली डॅन ग्राउर व डेस्मंड हिगिन्स यांनी देवमासे समखुरी गणाच्या जवळचे नव्हेत, तर त्या गणाच्या आतलेच आहेत असे प्रतिपादन केले. १९९७ व १९९९ साली नोरिहिरो ओकाडा व त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकसंचात एकदा घुसल्यावर सहसा न हटणाऱ्या डीएनए-तुकड्यांचा माग काढला. पूर्वजाच्या काळी घुसलेला तुकडा सर्व वंशजांत त्याच जागी सापडतो; घराण्याच्या कागदावरील जुन्या शिक्क्यासारखी ही खूण असते. या खुणांवरून आज जिवंत असलेल्या प्राण्यांत पाणघोडा हा देवमाशाचा सर्वांत जवळचा नातलग ठरला.

मात्र मेसोनिकिड नामशेष असल्याने त्यांचा डीएनए उपलब्ध नव्हता. त्यामुळे वाद दोन भाषांमधील वाद बनला. रेणू एक सांगत होते, दात दुसरे. निर्णयासाठी तिसऱ्या साक्षीदाराची गरज होती आणि तो घोट्यात सापडला.

समखुरी प्राण्यांच्या घोट्यात ॲस्ट्रॅगलस नावाचे एक हाड असते. त्याच्या वरच्या व खालच्या अशा दोन्ही टोकांना कप्पीसारखा खाचदार आकार असतो. ही दुहेरी कप्पी समखुरी गणाची अत्यंत विश्वसनीय ओळख मानली जाते. मेसोनिकिड प्राण्यांच्या याच हाडाच्या खालच्या टोकाला कप्पी नाही. तेव्हा प्रश्न सुटसुटीत झाला : पाय असलेल्या प्राचीन देवमाशाच्या घोट्यात दुहेरी कप्पी आहे की नाही?

सप्टेंबर २००१ मध्ये, एक दिवसाच्या अंतराने, उत्तर दोन ठिकाणांहून आले. जिंजरिच व त्यांच्या पाकिस्तानी सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये बलुचिस्तानातील आर्टिओसीटस व ऱ्होडोसीटस यांचे हातपाय प्रसिद्ध केले. हान्स थेविसेन व सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये पॅकिसीटस व इक्थिओलेस्टिस यांच्या सांगाड्यांचे वर्णन केले. चारही प्राण्यांच्या घोट्यात दुहेरी कप्पी होती. १९५८ साली ज्याला मेसोनिकिड म्हटले गेले तो 'मासेचोर'च त्रेचाळीस वर्षांनी मेसोनिकिड-पक्षाविरुद्ध साक्षीला उभा राहिला. जिंजरिच स्वतः सिनोनिक्सच्या वर्णनाचे सहलेखक होते आणि मेसोनिकिड-उगमाच्या मताचे होते. हाती आलेल्या पुराव्यासमोर त्यांनी ते मत जाहीरपणे सोडले. विद्वत्तेच्या इतिहासात अशी उदाहरणे वारंवार आढळत नाहीत.

९. कालाकोटचे दगड

देवमासे समखुरी गणातील हे ठरले, तरी त्या गणातील कोणता प्राचीन गट त्यांना जवळचा, हे ठरायचे होते. याचे उत्तर जम्मू-काश्मीरमधील कालाकोट येथून मिळाले. तेल व नैसर्गिक वायू आयोगात भूवैज्ञानिक असलेल्या ए. रंगा राव यांनी तेथील खडकांतून मिळालेल्या जबड्यांच्या व दातांच्या आधारे १९७१ साली इंडोहायस या लहान समखुरी प्राण्याचे नामकरण केले होते. त्यांनी गोळा केलेल्या दगडांचा मोठा भाग न फोडता तसाच राहिला. त्यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नीने तो संग्रह अनेक वर्षे सांभाळला आणि पुढे थेविसेन यांच्या हाती सोपविला.

प्रयोगशाळेत दगडातून कवट्या मोकळ्या करताना एका कवटीचे कानाजवळील हाड अनवधानाने तुटले. तुटलेल्या हाडाच्या आतील कडा विलक्षण जाड होती. कर्णास्थीचा असा जाड ओठ तोपर्यंत देवमाशांचेच वैशिष्ट्य मानला जात होता. डिसेंबर २००७ मध्ये थेविसेन, लिसा नोएल कूपर, मार्क क्लेमेंट्झ, सुनील बाजपेयी व बी. एन. तिवारी यांनी 'नेचर'मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीचा, मांजरापेक्षा फारसा मोठा नसलेला इंडोहायस हा देवमाशांच्या सर्वांत जवळच्या गटातील होता. त्याच्या पायांच्या हाडांच्या भिंती, उथळ पाण्यात तळ धरून चालणाऱ्या प्राण्यांत असतात तशा जाड होत्या आणि दातांतील प्राणवायूच्या समस्थानिकांवरूनही पाण्यातील वावर सूचित होत होता. ज्या कुलात इंडोहायस मोडतो त्या राओएलिडी कुलाला रंगा राव यांचेच नाव आधीपासून लाभलेले आहे.

१०. चर्चा

या इतिहासातून तीन मुद्दे पुढे येतात.

पहिला मुद्दा साम्य आणि वंश यांच्यातील भेदाचा. मासे पकडणे, मांस फाडणे यांसारखे समान काम करणाऱ्या अवयवांना समान आकार येऊ शकतो. त्यासाठी समान पूर्वज असावा लागत नाही. यालाच अभिसारी उत्क्रांती म्हणतात. दात आहाराशी थेट बांधलेले असल्याने ते या मोहात सर्वाधिक पाडतात. घोट्याचे आतील हाड किंवा कर्णास्थीचा ओठ हा अभ्यासकाच्या डोळ्यांत भरत नाही, परंतु वंशाची साक्ष तोच अधिक भरवशाने देतो. बखर आणि अस्सल कागद यांच्यातील तारतम्य जाणणाऱ्या मराठी इतिहास-अभ्यासकाला हा विवेक नवा नाही. बखरीतील कथा सुसंगत व रंगतदार असते. पण एखाद्या साध्या हिशेबाच्या कागदावरील तिथी तिला छेद देऊ शकते.

दुसरा मुद्दा संग्रहाचा. १९७१ चे दगड २००७ साली बोलले, कारण मधली छत्तीस वर्षे ते कोणीतरी जपले. महाविद्यालयांच्या जुन्या कपाटांतील नमुने, हस्तलिखिते, नोंदवह्या यांची जागेअभावी विल्हेवाट लावण्याचा निर्णय घेण्यापूर्वी या घटनेचे स्मरण ठेवणे आवश्यक आहे. कोणता पुरावा उद्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर ठरेल, हे आज सांगता येत नाही.

तिसरा मुद्दा पूर्वजपदाचा. पस्तीस वर्षे मेसोनिकिड प्राण्यांविषयीचे कुतूहल ते कोणाचे पूर्वज होते या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिले. ते पद गेल्यावर लोकप्रिय लेखनातून त्यांचा उल्लेखही विरळ झाला. वस्तुतः हे कुल कोट्यवधी वर्षे तीन खंडांवर नांदले. खुरांवर धावणारा आणि हाडे फोडणारा असा जीवनक्रम त्याने यशस्वीपणे चालविला. तसा प्राणी आज पृथ्वीवर नाही. एखाद्या काळाचे महत्त्व केवळ त्यातून पुढे काय निघाले यावरून ठरविणे ही इतिहासलेखनातील जुनी खोड आहे. जे वंश खंडित झाले, ज्या चळवळी विझल्या, ज्या भाषा बोलणारे उरले नाहीत, त्यांचाही इतिहास त्यांच्या स्वतःच्या मोलाने लिहिला गेला पाहिजे. मेसोनिकिडी कुलाच्या बाबतीत हे काम आता अधिक मोकळेपणाने होऊ शकते, कारण त्याच्यावर कोणाचे पूर्वज असण्याचे ओझे उरलेले नाही.

११. निष्कर्ष

(१) मेसोनिकिडी कुलाचे स्थान मांसभक्षकांचे नातलग, आदिम खुरी प्राणी आणि देवमाशांचे पूर्वज असे बदलत गेले. प्रत्येक बदलामागे वेगळ्या अवयवाला दिलेले प्राधान्य होते.

(२) १९६६ चे मत तत्कालीन पुराव्याचा सर्वोत्तम मेळ घालणारे होते. ते निष्काळजीपणाचे फलित नव्हते. त्याचा त्याग २००१ साली नव्या पुराव्यामुळे झाला, आणि तो करणाऱ्यांत त्याचे पूर्वीचे समर्थकही होते.

(३) या निर्णयात कच्छ, कालाकोट, पोटवार व बलुचिस्तान येथील जीवाश्म आणि भारतीय व पाकिस्तानी संशोधकांचे कार्य केंद्रस्थानी आहे. अभ्यासक्रमात हा भाग शिकविताना या बाबीची नोंद अवश्य व्हावी.

(४) कान चुएन पाओ किंवा रंगा राव यांच्यासारख्या, प्रत्यक्ष क्षेत्रावर राबणाऱ्या व्यक्तींचे योगदान विज्ञानाच्या इतिहासात ठळकपणे नोंदविण्याची गरज आहे.

समारोप करताना प्रारंभी उल्लेखिलेल्या तक्त्याकडे वळावेसे वाटते. तो तक्ता काढून टाकू नये, असे प्रस्तुत लेखकाचे नम्र मत आहे. त्याच्या शेजारी इंडोहायसचा नवा तक्ता लावावा आणि दोहोंच्या मध्ये १९६६, २००१ व २००७ ही तीन वर्षे लिहावीत. विद्यार्थ्याला त्यातून देवमाशाचा वंश तर समजेलच. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पुराव्यापुढे मत बदलण्याची ज्ञानाची रीतही समजेल.